निबंधक कार्यालय, सव्वाचार

ऑक्टोबर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, जुन्या महाविद्यालयांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या शहरात, नदीकडे पाठ करून उभ्या असलेल्या एका अतिथिगृहाच्या तळमजल्यावर, भोजनकक्षातील खिडकीपासून दुसऱ्या टेबलाशी, सत्तर वर्षांच्या एका सेवानिवृत्त मुद्रितशोधकाने आपल्या मुलीच्या हातून एक कागद घेतला, चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, आणि कागदाची शेवटची ओळ वाचताच उकडलेल्या अंड्यात खुपसलेला चमचा तसाच सोडून दिला. कागदावर दिवसभराचा कार्यक्रम होता. नऊ वाजता ग्रंथालय, साडेदहाला घड्याळाचा मनोरा, बाराला त्याच्या स्वतःच्या महाविद्यालयाचे सभागृह, मग जेवण, दोनला जुने मुद्रणालय, तीनला नौकाविहार. प्रवाशाने पाहावे आणि करावे असे त्या शहरात जे जे होते, ते सारे मुलीने वेळेच्या रकान्यात बसवले होते. आणि ते सारे त्याने पंचेचाळीस वर्षांपूर्वी पाहिलेले आणि केलेले होते. शेवटची ओळ तेवढी नवी होती. सव्वाचार, निबंधक कार्यालय.

“हे शेवटचं काय आहे, छकू?”

“ती तुमच्या सत्तरीची भेट. आत्ता काही विचारू नका.”

“मी विचारणार. कार्यालयात कोणी भेट द्यायला जातं का?”

“तुमच्यापुढे गंमत टिकेल तर शपथ,” मुलगी हसली. एकेचाळीस वर्षांची ती बाई हसली, की तिच्या आईसारखी एका गालानेच हसे. “बरं, ऐका. मी त्यांना पत्र लिहिलं होतं. म्हटलं, माझ्या वडिलांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी तुमची पदवी नाकारली. आता ती त्यांना देता येईल का? दोन महिने उत्तर नाही. मग आलं. उमेदवाराला घेऊन या, नोंदवही काढून ठेवतो. मी तारीखसुद्धा ठरवून टाकली. पाचला बंद करतात, म्हणून सव्वाचार.”

तो म्हणाला ते एवढेच, की “उत्तरात ‘नोंद’ असा शब्द होता की ‘नोंदवही’?” आणि मुलीने “झालं यांचं सुरू!” असे म्हणून त्याच्या पावाला लोणी लावायला घेतले.

गावाकडच्या मुद्रणालयातले त्याचे सहकारी त्याला ‘स्वल्पविराम’ म्हणत. छत्तीस वर्षे त्याने इतरांची पुस्तके ओळीखाली पट्टी धरून वाचली होती. चुकीच्या सनावळीवरून लेखकांशी भांडला होता, आणि एकदा तर एका कुलगुरूंपुढे त्यांच्याच प्रस्तावनेतला संदर्भ दाखवा म्हणून अडून बसला होता. “कागद दाखवा,” हे त्याचे पालुपद होते. आणि या माणसाच्या स्वतःच्या आयुष्याचे पहिलेच वाक्य खोटे होते. ते त्याने लग्नाआधी भावी सासऱ्यांपुढे उच्चारले होते. सासरे शाळातपासनीस, त्यांनी सरळ विचारले होते, की एवढे शिकलात तर पदवी कुठे आहे? तो उत्तरला होता, “परीक्षकांनी मला प्रबंधातला एक परिच्छेद मागे घ्यायला सांगितलं. मी परिच्छेद ठेवला आणि पदवी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.” वाक्य इतके घोटीव होते, की सासऱ्यांनी मान हलवली, आणि दाराआड उभ्या असलेल्या त्यांच्या मुलीने त्या क्षणी त्याच्याशी लग्न करायचे ठरवून टाकले. पुढे तीस वर्षे ती हे वाक्य शेजारणींना, शिंपणीला, दवाखान्यातल्या परिचारिकांना ऐकवीत आली. त्याला ठाऊक असलेले खरे इतकेच, की तो नापास झाला होता.

ग्रंथालयात शिरताना त्याचा बेत ठरला होता. बेत कसला, एक केविलवाणा हिशेब होता: कार्यालय पाचला बंद होते, तोवर कसेही करून वेळ काढायचा. उद्या सकाळची गाडी होती. मुलगी पुन्हा इतक्या लांब यायची नाही. तिला रजा मिळत नसे. एक दिवस ढकलला, की सुटलो. म्हणून घुमटाखालच्या वाचनदालनात तो प्रत्येक काचपेटीपुढे थांबू लागला. साखळीने बांधलेले ग्रंथ, कातडी बांधणीवर पडलेले हातांचे काळे डाग, वाळवीने नकाशासारखी कुरतडलेली पाने. दालनाला तोच वास होता: मेण, धूळ, आणि भिजून वाळलेल्या लोकरीचा. डावीकडच्या सातव्या टेबलाशी तो तीन वर्षे बसला होता. प्राचीन गद्याच्या वाक्यरचनेवर त्याचा प्रबंध होता, आणि त्या दिवसांत त्याची अशी खात्री होती, की मनुष्याचे वाक्य सरळ असले की मनुष्य वाकडा जाऊच शकत नाही. आता त्या टेबलाशी एक मुलगी तोंडात पेन्सिल धरून झोप आवरीत होती. तो तिच्याकडे पाहत उभा राहिला. त्याच्या मनात काहीच येत नव्हते, याचीच त्याला भीती वाटली. “बाबा, पाऊण तास झाला,” छकू कुजबुजली, “काचा पुसायची नोकरी धरलीत का?”

मनोऱ्याला दोनशे बारा पायऱ्या होत्या. त्याने वर चढायचा हट्ट धरला. दर वीस पायऱ्यांनी तो गुडघ्याचे निमित्त करून थांबे, आणि गुडघे खरोखरच दुखत असल्यामुळे त्याला त्यात खोटेही बोलावे लागत नव्हते. वरून शहर दिसले: तांबड्या कौलांचे चौक, चौकांत चौकोनी हिरवळ, आणि हिरवळीला वळसा घालून जाणारी माणसे, कारण तिच्यावरून चालायचा अधिकार फक्त पदवीधरांना. त्याला आठवले, त्या दुपारीदेखील तो हिरवळीला वळसा घालूनच बाहेर पडला होता. त्या महाविद्यालयात मौखिक परीक्षेचा निकाल तोंडाने सांगण्याची रीत नव्हती. प्रश्न संपले, की ज्येष्ठ परीक्षक उठून उभा राही. उभा राहिला, की उमेदवार उत्तीर्ण. बसून राहिला, की उमेदवाराने मुकाट्याने कागद गोळा करायचे आणि निघायचे. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असे. ज्येष्ठ परीक्षकाशी तो एका परिच्छेदावरून चाळीस मिनिटे भांडला. म्हातारा शेवटी “बरं” म्हणाला, खिडकीकडे वळला, आणि बसून राहिला. तो उमेदवार, पंचवीस वर्षांचा, तीन कागद हातात धरून समोर उभा होता. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक त्याने अकरा वेळा मोजला. म्हातारा उठला नाही. त्याच संध्याकाळी त्याने खोली सोडायचे ठरवले, आणि पंधरवड्याच्या आत शहर सोडले.

दुपारी सभागृहात, उंच पाठीच्या त्या रिकाम्या खुर्च्यांपुढे, वाटाडी तरुणी नेमकी हीच गोष्ट सांगत होती, आणि लोक हसत होते. “म्हणजे बघा, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांवर पोरांचं नशीब!” ती म्हणाली. “अर्थात ही सगळी विद्यार्थ्यांची दंतकथा. नियमपुस्तकात असलं काही नाही.”

“दंतकथा कशी?” त्याच्या तोंडून निघून गेले. “ही रीत होती.”

“असं सांगतात खरं, आजोबा. पण नोंद कुठेच नाही.”

“रीतीची नोंद नसते. मी इथे होतो. सगळे तसंच मानायचे.”

“सगळे मानायचे ते बरोबरच,” ती गोडव्याने म्हणाली, “पण परीक्षक मानायचे का? तसा कागद असेल तर दाखवा. मी उद्यापासून तसंच सांगीन.”

लोक पुन्हा हसले. मुलीने त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला घेतले आणि लाडाने म्हणाली, “तुमच्याच तोंडचं वाक्य तुमच्यावर उलटलं की हो.” छातीत खोल कुठेतरी काही हलले; ते इतके नको असलेले होते, की त्याने ते पुरते वर येऊच दिले नाही. त्याने वादाचा आधार घेतला. मनातल्या मनात त्या पोरीला तो पुढचा तासभर उत्तरे देत राहिला: साक्षी काढल्या, उदाहरणे दिली, अमका उत्तीर्ण झाला तेव्हा परीक्षक उठला होता, तमका नापास झाला तेव्हा बसला होता. आपण नापास झालो होतो हे सिद्ध करण्यासाठी आपण असे जिवाच्या आकांताने का झगडतो आहोत, हे जेवताना पाण्याचा पेला तोंडाशी नेताना त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने पेला तसाच खाली ठेवला.

जुन्या मुद्रणालयात त्याला देवच पावला. छपाईच्या खिळ्यांच्या पेटीखालच्या माहितीफलकावर दोन सन एकमेकांशी जुळत नव्हते. त्याने व्यवस्थापकाला बोलावून घेतले. व्यवस्थापक जेवायला गेला होता, म्हणून त्याची वाट पाहिली. तो आल्यावर त्याच्याशी अर्धा तास वाद घातला, आणि लेखी तक्रारीसाठी कागद मागितला. छकू दाराशी घड्याळाकडे पाहत उभी होती. ती कंटाळतसुद्धा नव्हती, हे पाहून त्याला जास्तच शरमल्यासारखे झाले. ती त्याच्याकडे जशी बघत होती, तशी तिची आई बघे. लग्नानंतर एका वर्षी गावातल्या महाविद्यालयाचे प्राचार्य स्वतः घरी आले होते: तीन वेळा आले. अधिव्याख्याता व्हा म्हणाले. प्रमाणपत्र नाही तर नाही, विद्यापीठातून नुसता दाखला मागवून घेऊ. तीनही वेळा त्याने मान ताठ ठेवून सांगितले, की ज्या कागदाला मी लाथ मारली त्याच्यावर मी भाकरी खाणार नाही. प्राचार्य गेल्यावर बायको शिलाईयंत्राशी जाऊन बसली. तिसऱ्या वेळी तिने यंत्राला पाय मारायला सुरुवात करण्यापूर्वी क्षणभर सुई तशीच धरून ठेवली आणि म्हणाली, “तुमचं बरोबर आहे.” पुढे तिचे डोळे त्या यंत्रापायी गेले. तिने पुन्हा हा विषय काढला नाही, आणि म्हणूनच तो त्याच्या डोक्यातून कधी गेला नाही.

नाव सुटेपर्यंत साडेतीन वाजले. नावाडी वल्ह्यावर रेलून म्हणाला, “पहिल्या पुलापर्यंत जाऊन-येऊन पाऊण तास, दुसऱ्यापर्यंत सव्वा. दुसऱ्याला कोणी जात नाही. तिथे बघायला काही नाही, आणि डास आहेत.”

“दुसऱ्या पुलापर्यंत,” तो म्हणाला.

“बाबा!”

“मला तो पूल बघायचाय.”

“आजोबांची तिथे कोणीतरी असणार ताई,” नावाडी डोळे मिचकावून म्हणाला, “या वयात असा हट्ट उगाच नसतो.” मुलगी हसली, आणि तिने कार्यालयात फोन लावला: आम्ही येतोच आहोत, अर्धा तास उशीर होईल. पाण्याला कुजलेल्या पानांचा वास होता. महाविद्यालयांच्या मागच्या भिंती शेवाळाने काळवंडल्या होत्या. समोरून ज्या वैभवशाली दिसत, त्या इमारतींची मोऱ्यांची तोंडे आणि गंजके पाइप नावेतून दिसत होते. त्याने ठरवले, आता सांगून टाकावे. बायको गेली, उरली ही एक. इथे ऐकणारा तो एक नावाडी, आणि त्याला आपले नावही ठाऊक नाही. “छकू,” तो म्हणाला. त्याच क्षणी तीही बोलली.

“तुम्हाला एक कधी सांगितलं नाही बाबा. आमच्या खात्यात तो पुलाच्या तपासणीचा अहवाल माझ्यापुढे ठेवला ना, सगळं ठीक आहे असं खोटं लिहिलेला, तेव्हा साहेब समोर बसलेले. म्हणाले, सही कर नाहीतर गोदाम बघशील. मला वाटलं, करून टाकावी. मग तुम्ही दिसलात. पंचवीस वर्षांचे तुम्ही, टेबलावर पदवी ठेवताना. मी पेनाला टोपण घातलं.” ती पाण्याकडे पाहत होती. “सात वर्षं गोदामात मोजपट्ट्या मोजतेय. लग्न मोडलं तेही त्यावरूनच, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मला एकदाही वाईट वाटलं नाही. म्हणून तो कागद हवाय मला. तुम्हाला नको असेल, तर मी माझ्याकडे ठेवीन.” मग त्याच्याकडे वळून, “तुम्ही काय म्हणत होता?”

“डास आहेत म्हणत होतो,” तो म्हणाला.

दुसरा पूल खरोखरच काही नव्हता: दोन लोखंडी तुळया आणि एक मोडका कठडा. परत काठाला लागले तेव्हा पाचाला पंधरा कमी होते. त्याने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मुलीने टॅक्सी थांबवली, त्याला आत जवळजवळ ढकलले, आणि पाचाला सहा मिनिटे असताना ती दोघे निबंधक कार्यालयाच्या काउंटरपुढे उभी होती. कारकून बाईंना सर्दी झाली होती; त्यांनी स्वेटरची बाही नाकाला लावली, पर्स परत खुर्चीवर ठेवली आणि म्हणाल्या, “मला वाटलं आता काही येत नाही तुम्ही. बसा आजोबा. वही काढूनच ठेवलीय.”

तो बसला नाही. वही मोठी होती, कडांना पिवळी. बाईंचे बोट रकान्यावरून खाली सरकत गेले, आणि त्याला छत्तीस वर्षांच्या सवयीने त्या बोटाखाली पट्टी हवीशी वाटली. आता काही सेकंदांत मुलीला कळेल. तो तिच्याकडे न पाहता टेबलावरच्या डिंकाच्या बाटलीकडे पाहत राहिला. डिंक तोंडाशी सुकून त्याची पापडी धरली होती.

“हं, सापडलं. तुमचंच नाव ना हे?” बाईंनी वही फिरवली. “उत्तीर्ण. तिन्ही परीक्षकांच्या सह्या आहेत. पदवी नेलेली नाही.”

त्याने ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्या दिवसाचीच तारीख होती. म्हातारा बसून राहिला होता, खिडकीकडे पाहत. आणि नंतर केव्हातरी, बसल्या बसल्याच, त्याने ही सही केली होती. ज्येष्ठ परीक्षकाच्या सहीखाली एक लहानसा शेरा होता: परिच्छेद तसाच ठेवावा. त्याला वाटले, आपण आनंदित व्हायला हवे; निदान खाली बसायला हवे. पण डोळ्यांपुढे आले ते प्राचार्य, आपल्या दारात चपला शोधणारे, तिसऱ्या वेळचे; आणि हवेत धरलेली ती सुई. नापास झालेल्या माणसाने लाजेने एक खोटे सांगितले, आणि ते निभावण्यासाठी घर अंधारात ठेवले, या गोष्टीला निदान काही कारण होते. इतकी वर्षे तो त्या कारणाच्या भिंतीला टेकून बसला होता. आता तीही काढून घेतली गेली होती. मागे नुसती वर्षे उरली.

“बघा!” मुलगी आनंदाने म्हणाली. “पण ‘नेलेली नाही’ कसं लिहिलंय? त्यांनी नाकारली होती. तसा शेरा हवा.”

“नाकारल्याची नोंद नाही, ताई. नाकारली तर लेखी घेतात. इथे असं आहे, की निकाल पत्राने कळवला, आणि पत्र परत आलं.” बाईंनी वहीच्या मागच्या खिशातून एक लिफाफा काढला. “हे आमच्याकडे राहतं. न उघडलेलं आहे, बघा.”

लिफाफ्यावर महाविद्यालयाची मोहोर होती, त्याच्या खोलीचा पत्ता होता, आणि पत्त्यावर एक सरळ रेघ मारून वर लिहिले होते: या पत्त्यावर राहत नाही. परत करावे. त्याला ती सकाळ आठवली, इतक्या वर्षांत प्रथमच, आणि संपूर्ण: अर्धी भरलेली ट्रंक, उंबऱ्यात उभा असलेला पोस्टमन, दाढीचा साबण वाळून ताणलेला गाल, आणि लिफाफा दाराच्या चौकटीला टेकवून, पोस्टमनचाच टाक घेऊन, नेटक्या अक्षरात लिहिलेली ती दोन वाक्ये. पोस्टमन म्हणाला होता, “अहो, पण तुम्हीच ना ते?” आणि त्याने दार लावून घेतले होते.

मुलगी लिफाफ्याकडे पाहत होती. त्या अक्षरात तिच्या शाळेच्या वह्यांवर नावे घातलेली होती, तिच्या निबंधांच्या कडेला खुणा केलेल्या होत्या. तिने लिफाफा उलटला, पुन्हा सुलटा केला, आणि आतला कागद जाणवतो का ते अंगठ्याने चाचपले.

“तुम्ही उघडलंच नाही,” ती म्हणाली.

“मला वाटलं, नापास म्हणून असणार. ते उठले नव्हते...”

“मग टेबलावर पदवी ठेवली, ते?”

त्याने डिंकाच्या बाटलीवरची सुकलेली पापडी नखाने खरवडली. कारकून बाईंनी नाक पुसले, घड्याळाकडे पाहिले आणि हलकेच विचारले, “पदवीचा अर्ज भरायचाय का? दोन मिनिटं आहेत अजून.” मुलीने लिफाफा वहीवर ठेवला, त्याच्या कडा वहीच्या कडांशी जुळवल्या, आणि पहिल्यांदाच वडिलांकडे वर मान करून पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता. कार्यालयात तपासणीनंतर निष्कर्ष सांगावा, तसा तो होता.

“तुम्ही काही नाकारलं नव्हतं, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही घाबरला होता.”